कीर्द, खतावणी आणि रात्रीची झोप

ताई,

माझं वय ५२. हिशेबाच्या कामात तीस वर्षं गेली, आकडे अजूनही तोंडावर असतात. पण गेल्या वर्षभरात माझी सारखी फजिती होते आहे. चष्मा आणि किल्ल्या रोज शोधते. दुसऱ्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. परवा जुन्या मैत्रिणीच्या नवऱ्याची कुणाशी तरी ओळख करून द्यायची वेळ आली आणि त्याचं नाव काही केल्या आठवेना. वीस वर्षांची ओळख आहे हो! घरातले म्हणतात, "हे आम्ही तुला सांगितलं होतं," आणि मला ते सांगितल्याचंच आठवत नाही. वर टीव्हीचा आवाज मोठा ठेवते म्हणून बोलणी खाते ती वेगळीच.

माझ्या आईला ७६व्या वर्षी स्मृतिभ्रंश सुरू झाला. शेवटी शेवटी ती मलाच "तुम्ही कोण?" असं विचारायची. त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, बारा-एकपर्यंत मोबाईलवर याच विषयाचं वाचत पडते. कधीकधी सर्दीची गोळी घेते, तिने गुंगी येऊन झोप लागते. मेंदूच्या खेळांचं एक अ‍ॅप घेतलंय, रोज तासभर खेळते. स्मरणशक्तीच्या गोळ्याही चालू केल्यात. मुलगा हसतो.

रोजच्या जगण्यात काय करू ते सांगा. फक्त यादी देऊ नका, यादी मी हरवेन.

— धास्तावलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा यादीच्या वाक्याला हसले. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि तीन जागी खूण केली: टीव्हीचा आवाज, सर्दीची गोळी, रात्रीचे बारा-एक. गंमत म्हणजे तुमची झोप ज्यांनी उडवली त्या किल्ल्या आणि तो मैत्रिणीचा नवरा, त्यांच्याखाली मी रेघ ओढलेली नाही. का, ते सांगतेच. पण आधी आईबद्दल बोलू, कारण ती भीती मनात ठाण मांडून बसलेली असताना बाकी काही आत शिरणार नाही.

आईकडून लेकीकडे जाणारी आणि जवळपास खात्रीने हा आजार आणणारी जनुकं आहेत, हे खरं आहे. पण ती फार थोड्या घराण्यांत सापडतात. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या शंभर रुग्णांत अशी एक व्यक्तीही निघत नाही, आणि निघाली तरी तिचा आजार बहुतेक वेळा पासष्टीच्या आतच सुरू झालेला असतो. तुमच्या आईचा ७६व्या वर्षी सुरू झाला. उतारवयात येणाऱ्या आजारात आईवडिलांपैकी एकाला तो होता म्हणून मुलांचा धोका थोडा वाढतो. वाढतो म्हणजे ठरलेला आहे असं मात्र नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली या सगळ्याचा ताळा मांडला. ज्यांवर काही ना काही उपाय करता येतो अशी १४ कारणं त्यांनी काढली, आणि ती सगळी दूर झाली तर जगातला साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. तुमची सवय मला ठाऊक आहे, तुम्ही लगेच उरलेले ५५ पाहाल. पाहू नका. जे आपल्या खात्यात येतच नाही त्याचं व्याज काढत बसण्यात रात्र जाते, आणि रात्र गेली की काय होतं ते पुढे सांगते.

आता किल्ल्या. काल घरी आल्यावर किल्ल्या ठेवल्यात तेव्हा तुम्ही काय करत होता? मी पैज लावते, एका कानाला फोन होता, किंवा डोक्यात ऑफिसचा न जुळलेला आकडा होता. हाताने किल्ल्या ठेवल्या आणि मन त्या गावीच नव्हतं. "किल्ल्या इथे ठेवल्या" ही नोंद मेंदूत झालीच नाही. तुम्ही तीस वर्षं हिशेब लिहिलेत, तुम्हीच सांगा: कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, नोंद नाही तर खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, कुठून येणार? आणि नोंदच नसलेली गोष्ट सापडली नाही, तर तिला विसरले म्हणायचं कसं?

आपण ज्याला विसरभोळेपणा म्हणतो त्याचा मोठा भाग असा आहे. मन एका वेळी फार थोडं धरून ठेवू शकतं. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. पुढच्या संशोधकांनी तो आणखी खाली आणला, आता साधारण चार गोष्टी धरतात. पन्नाशीतल्या बाईच्या डोक्यात ऑफिस, घर, कुणाची औषधं आणि उद्याची कामं एवढं भरलं की चारही जागा संपल्या. पाचव्याला, म्हणजे किल्ल्यांना, उभं राहायलाही जागा नाही. दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशाला आलो ते न आठवणं हेही त्यातलंच. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की नावाच्या संशोधकाने यावर प्रयोग केले आहेत. दार ओलांडलं की मेंदू आधीचा प्रसंग संपला असं समजून पान उलटतो, आणि डोक्यात आधीच गर्दी असेल तर मागच्या पानावरचं निसटतं. पुन्हा जुन्या जागी जाऊन उभं राहिलं की कधीकधी आठवतंही, कारण तिथल्या वस्तू आठवण करून देऊ शकतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. मी स्वतः डोक्यावरचा चष्मा अर्धा तास शोधलाय, आणि शोधायला घरातल्या दोघांना कामाला लावलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण कुणातरी चाळिशी लागलेल्यानेच केली असणार.

म्हणून पहिली सवय नोंद करण्याची. तोंडाने करायची. किल्ल्या ठेवताना थांबा, त्यांच्याकडे बघा आणि मोठ्याने म्हणा, "किल्ल्या आरशाखाली ठेवल्या." गॅस बंद केल्यावर, "गॅस बंद." गोळी घेतल्यावर, "सकाळची गोळी घेतली." घरातले हसतील, हसू देत. जपानमध्ये रेल्वेचे चालक आणि रक्षक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, रोज, प्रत्येक फेरीत. त्यांच्या रेल्वेची शिस्त जगात नावाजलेली आहे, तरी एकट्याने बडबडायला त्यांना लाज वाटत नाही. बोट, डोळे, आवाज आणि कान एकाच गोष्टीवर आले की मनाला दुसरीकडे जायला फट राहत नाही. मनातल्या मनात वाचलेल्यापेक्षा मोठ्याने उच्चारलेलं जास्त लक्षात राहतं, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि किल्ल्या ठेवायची जागा एकच ठेवा. रोज नवी जागा लक्षात ठेवणं हा काही मेंदूचा व्यायाम नाही, तो निव्वळ छळ आहे.

मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव मात्र वेगळ्या जातीचं विसरणं आहे. ते नाव आत आहे. तुम्ही ते शेकडो वेळा उच्चारलंय, ते फक्त जिभेवर आलं नाही. नावांचं असंच असतं, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवून प्रयोग झाले. समजा एकाच माणसाबद्दल काहींना सांगितलं, "हे सुतार आहेत, म्हणजे सुतारकाम करतात," आणि काहींना सांगितलं, "यांचं आडनाव सुतार." नंतर फोटो पुन्हा दाखवला की धंदा सहज आठवतो, आडनाव आठवत नाही. शब्द तोच! पण सुतारकाम म्हटलं की रंधा दिसतो, भुसा दिसतो, लाकडाचा वास येतो, धरायला दहा टोकं मिळतात. आडनाव हे नुसतं लेबल, एकाच टाचणीवर लटकलेलं. टाचणी निसटली की गेलं. वयाबरोबर ही टाचणी सैल होते, सगळ्यांचीच होते, आणि ते आजाराचं लक्षण नाही. शब्दसंग्रह तर साठी-सत्तरीपर्यंत टिकतो, बऱ्याच जणांचा वाढतोही. फक्त तो हाताशी यायला वेळ लागतो.

तेव्हा नव्या माणसाचं नाव कळलं की त्याला दोन-चार टाचण्या आणखी लावा. नाव लगेच उच्चारा, "बरं, तर तुम्ही वसंतराव." मनात चित्र काढा, कितीही वेडगळ असलं तरी चालेल, वेडगळ असेल तर उत्तमच, वसंतरावांच्या टकलावर पालवी फुटलेली बघा. निघताना पुन्हा नावाने निरोप घ्या. आणि आठवत नसेल त्या क्षणी झटापट करू नका. आपण जितकं ओढतो तितकं भलतंच नाव पुढे येऊन दार अडवतं. "नाव तोंडावर आहे पण येत नाहीये," असं हसून सांगा आणि बोलणं पुढे चालू ठेवा. ते रात्री भांडी लावताना आपणहून येतं. आलं की मात्र तिथेच दोनदा मोठ्याने म्हणून टाका, म्हणजे पुढच्या वेळी वाट मोकळी राहील.

इथे मला ज्यावर खरं बोलायचंय त्या मुद्द्यावर येते. आपण सगळे स्मरणशक्ती म्हणजे आत भरण्याची गोष्ट समजतो: वाचायचं, पुन्हा वाचायचं, घोकायचं. पण स्मरण तयार होतं ते बाहेर काढताना. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर या दोघांचा २००६ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार सत्रं नुसता वाचला. काहींनी एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं कागद बाजूला ठेवून, जे आठवतं ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आणि आपल्याला पक्कं येतंय अशी त्यांची खात्रीही जास्त होती. आठवड्याने परीक्षा घेतली. नुसतं वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे ज्या कष्टाने आपल्याला वाटतं की "मला काही येत नाही", तेच कष्ट कामाला येतात.

हे रोजच्या जगण्यात बसवायला काही लागत नाही. सामानाची यादी करा, बरोबर न्या, पण खिशातून काढायच्या आधी काय काय आणायचं ते आठवून बघा, मग यादीशी ताळा करा. रात्री दिवे मालवायच्या आधी पाच मिनिटं मागे जा: आज कोण भेटलं, काय म्हणालं, दुपारी जेवताना शेजारी कोण बसलं होतं. लेख वाचलात की मोबाईल पालथा ठेवून त्यातलं काय राहिलं ते कुणालातरी सांगा. मुलगा हसतो ना, त्यालाच सांगा. अडलं तर लगेच मोबाईलला विचारू नका. निदान एक मिनिट स्वतःला द्या. त्या एका मिनिटात आठवलं नाही तरी ते वाया जात नाही. आधी झगडून मग उत्तर पाहिलं तर ते जास्त टिकतं.

आणि उजळणी केव्हा करायची याचाही हिशेब आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने तो १८८५ साली मांडला, तोही स्वतःवर प्रयोग करून. काहीही अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि काही काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचा. तासाभरात निम्म्याहून जास्त फायदा उडालेला असायचा. एका दिवसात दोनतृतीयांश. पण महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक असायचा. म्हणजे घसरण पहिल्या दिवशी जोरात होते आणि मग मंदावते. म्हणून महत्त्वाचं काही कळलं तर तासाभराने एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा आठवा. एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा हे तीन वेळचं बरं. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर माझे इतिहासाचे मार्क वेगळे असते, असो.

आता झोप. मघाशी कीर्द-खतावणी म्हटलं ते काही उगाच उपमा म्हणून नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे, आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ते ग्रीक नाव. दिवसभराच्या नव्या नोंदी तिथे होतात. तो नसला तर काय होतं हे हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे जगाला कळलं. १९५३ साली फिटच्या आजारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला, आणि २००८ साली मृत्यू होईपर्यंत त्याच्या आयुष्यात नवी आठवण अशी जवळजवळ राहिलीच नाही. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला की त्याच्यासाठी तो नवा असायचा. पण लहानपणचं बरंच त्याला आठवत होतं. म्हणजे जुनं दुसरीकडे ठेवलेलं असतं. कीर्दीतून खतावणीत ही जी नेआण होते, तिचा मोठा हिस्सा रात्री गाढ झोपेत उरकला जातो. दिवसा जे घडलं ते मेंदू झोपेत पुन्हा चालवतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं करत जातो. शिकल्यानंतर झोपलेल्या माणसाला जागं राहिलेल्यापेक्षा जास्त आठवतं, हे प्रयोगाने १९२४ सालीच दिसलं होतं.

आणि तुम्ही बारा-एकपर्यंत जागून काय वाचता? तर स्मरणशक्ती का जाते ते. मैत्रिणी, याहून मोठा विनोद तुमचा मुलगाही करू शकणार नाही.

प्रौढ माणसाला सात तास तरी झोप लागते. शिवाय अपुरी झोप दुसऱ्या दिवशीचं लक्षही खाते, म्हणजे कीर्दही कच्ची आणि खतावणीही अर्धी. मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गजराला साधं घड्याळ आणा. चहा-कॉफी दुपारनंतर थांबवा, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगितलं असेल, किंवा आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यावर इलाज आहे.

ती सर्दीची गोळी मात्र झोपेसाठी घेणं आजपासून बंद. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या जुन्या औषधांतली बरीचशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन अडवतात, आणि मेंदूला आठवणीची नोंद करायला नेमकं तेच लागतं. गोळीने डोळे मिटतात, पण दुसऱ्या दिवशी डोक्यावर धुकं राहतं. तुम्ही सांगता त्या धुक्यातलं थोडं या गोळीचं असेल. बाकीची जी औषधं चालू असतील ती मनाने बंद करू नका. झोपेची नेहमीची गोळी असेल तर ती तर अचानक मुळीच सोडायची नसते. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्यामुळे रक्ततपासणीचं तिथेच बोला. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड मंदावणं, साखर आणि रक्तदाब, या चारही गोष्टी स्मरणावर परिणाम करतात आणि चारही तपासता येतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, हेही विचारा. आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, बायका लिहीत नाहीतच: पाळी. ५२ हे वय पाळी जाण्याच्या आसपासचं. या काळात शब्द न सुचणं, नाव न आठवणं, डोकं जड वाटणं हे पुष्कळजणी अनुभवतात, आणि मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की हा उतार बहुतेकींच्या बाबतीत तात्पुरता असतो. मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही सांगा. नैराश्यात स्मरण हमखास ढिलं पडतं.

चालण्याबद्दल फार सांगत नाही, सगळेच सांगतात. पण एक आकडा देते, तुम्हाला आवडेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्मृतिभ्रंश नसलेली १२० वयस्कर माणसं घेतली होती. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत भरभर चालायला लावलं, निम्म्यांना नुसते ताण देण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला होता. दुसऱ्या गटाचा, वयाप्रमाणे, थोडा आक्रसला होता. दम किंचित लागेल पण बोलता येईल असा वेग पुरे. जमलं तर आठवड्यातून एकदा अनोळखी रस्त्याने जा आणि नकाशा न उघडता परत या.

अ‍ॅपचं काय? खेळायला आवडत असेल तर खेळा, पण औषध म्हणून नको. अमेरिकेत २८०० हून जास्त वयस्करांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षणानंतर माणसं ज्याचा सराव केला त्यात सुधारली. एका प्रकारच्या सरावाने दुसरी क्षमता वाढली नाही. चौकोन जुळवण्यात तुम्ही पटाईत व्हाल, किल्ल्या तरीही शोधाल. अशाच एका नामांकित अ‍ॅपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २०१६ साली तिथल्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. रोजचा तो तास नवीन आणि जरा अवघड काहीतरी शिकण्यात घाला, माणसांबरोबर शिकता आलं तर आणखी चांगलं: वाद्य, भाषा, नाच, काहीही. एका प्रयोगात साठीपुढच्या माणसांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा रजई शिवणं शिकवलं, आठवड्याला पंधरा-एक तास. नुसत्या गप्पाटप्पा आणि सहलींच्या गटापेक्षा त्यांचं प्रसंग लक्षात ठेवणं सुधारलं. कठीण जात होतं म्हणूनच सुधारलं असावं.

गोळ्यांच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पण उदाहरण म्हणून अशा गोळ्यांत सर्रास असणारा गिंको हा वनस्पतीचा अर्क बघा. तीन हजारांहून जास्त वयस्करांना तो वर्षानुवर्षं देऊन पाहिला, २००८ साली निकाल लागला: स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. जीवनसत्त्वाची गोळी कमतरता असेल तरच उपयोगी. बाटलीही त्या पिशवीत घाला.

आता माझी पहिली खूण, टीव्ही. "आम्ही सांगितलं होतं आणि तुला आठवत नाही," हे वाक्य पत्रातलं सगळ्यात गंभीर आहे, तुमच्याशी खोटं बोलत नाही. नाव विसरणं वेगळं आणि झालेलं बोलणंच पुसलं जाणं वेगळं. ते वारंवार होत असेल, तोच प्रश्न आपण पुन्हा विचारतोय असं लोक सांगत असतील, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ उडत असेल, नेहमीचे हिशेब चुकू लागले असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यायला हवी. गोंधळ अचानक, एका दिवसात उडाला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पण तुमचे आकडे अजून चोख आहेत, आणि त्याच ओळीला लागून तुम्हीच लिहिलंत की टीव्हीचा आवाज मोठा लागतो. म्हणून मला आधी दुसरी शंका येते. त्यांनी सांगितलं. तुम्ही ऐकलंत का? की स्वयंपाकघरातून, नळ चालू असताना, पाठमोरं असताना अर्धं कानावर पडलं, आणि तुम्ही सवयीने "हो" म्हणालात?

ऐकू कमी येणं हळूहळू येतं, ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे बोलणं ऐकू येतं पण शब्द नीट लागत नाहीत. मग मेंदू सगळी ताकद शब्द लावण्यात घालवतो आणि नोंद करायला काही उरत नाही. पुढे माणूस गर्दीत जायचं टाळतो, गप्पा कमी होतात. लॅन्सेट आयोगाच्या त्या १४ कारणांत मध्यम वयातली कमी झालेली श्रवणशक्ती ही मोठ्यांपैकी एक आहे. श्रवणयंत्राने किती फरक पडतो? २०२३ साली ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. तीन वर्षांत सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळात जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे जादू नाही, पण अ‍ॅपच्या तासापेक्षा किती तरी चांगला सौदा.

तोवर घरात एक नियम करा: महत्त्वाचं काही सांगायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून सांगायचं, आणि तुम्ही ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. "म्हणजे शनिवारी सहाला निघायचं, बरोबर?" ऐकू आलं की नाही तेही कळेल आणि नोंदही होईल. महिनाभर हे करून पाहा. समोरासमोर, परत म्हणून दाखवलेलंही पुसलं जात असेल तर वर सांगितलेली तपासणी लांबवू नका. ते राहत असेल तर चोर कोण ते सापडलं.

कानाच्या तपासणीची वेळ या आठवड्यात घ्या आणि मला कळवा. तारीख मात्र कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. ती लक्षात ठेवून दाखवायची नाहीये.

— तुमची ताई